शिबिरे मोजू नका, माणसे मोजा!



काही दिवसांपूर्वी युनियनच्या ऑफिसात एक छापील अहवाल येऊन पडला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लाल हृदयाचे चित्र, आत हसतमुख अधिकाऱ्यांचे फोटो. विभागात हृदयरोग टाळण्यासाठी जे आरोग्य अभियान राबवले गेले, ते कसे यशस्वी झाले याची ही कहाणी. शिबिरे किती झाली, व्याख्याने किती झाली, पत्रके किती हजार वाटली, किती कर्मचाऱ्यांचा रक्तदाब मोजला, सगळे तक्ते व्यवस्थित आहेत. मी तो अहवाल दोनदा वाचला. मला एकच गोष्ट शोधायची होती : या अभियानामुळे किती जणांचा रक्तदाब ताब्यात आला आणि किती जणांचा झटका टळला? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत याचे उत्तर कुठेच नाही.

मी एवढ्या चिकाटीने का शोधत होतो, तेही सांगतो. त्या अहवालात जे 'लाभार्थी' मोजले आहेत, त्यांत आमचा एक पॉइंट्समन आहे. यार्डातल्या शिबिरात तो रात्रपाळी संपवून थेट रांगेत उभा राहिला होता. मी त्याच्या मागेच होतो. त्याचा रक्तदाब १७० वर ११० भरला. सिस्टरने तो वहीत लिहिला, 'मीठ कमी खा, रोज चाला, ताण घेऊ नका' असे पत्रक हातात दिले आणि पुढच्याला बोलावले. हा हसून मला म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, रात्रभर यार्डात चालतोय, आणखी किती चालू?" त्या आठवड्यात रिलीव्हर नव्हता म्हणून त्याला आणखी दोन रात्री काढाव्या लागल्या. आठ महिन्यांनी ड्युटीवर असतानाच तो कोसळला. वय ४७. मुलगी बारावीला.

नंतर मी ती वही मागून पाहिली. त्याचे नाव आहे, आकडा आहे आणि पुढचा 'शेरा' हा रकाना कोरा आहे. त्याला परत कोणी बोलावले नाही. गोळी सुरू केली नाही. पण अहवालात तो आजही लाभार्थी आहे.

शिबिराने त्याला मारले असे मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. पण शिबिराने त्याला वाचवलेही नाही, आणि ज्या अहवालात या दोन गोष्टींतला फरक दिसत नाही त्याला मूल्यमापन म्हणायला मी तयार नाही.

काय केले आणि काय झाले

ट्रॅकवर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गँगने दिवसभरात किती खडी टाकली, किती स्लीपर पॅक केले, हा झाला कामाचा हिशेब. पण ट्रॉली घेऊन तपासणीला आलेला साहेब गेज लावतो, लेव्हल बघतो. लाइन लेव्हलला नसेल तर खडीचा हिशेब कोणी ऐकून घेत नाही. पोस्टातल्या बंधूंनाही विचारा. पेटीतून किती पत्रे काढली यावर पोस्टमनचे काम ठरत नाही, किती पत्रे घरी पोचली यावर ठरते. आमच्या कामाला हा न्याय आणि प्रशासनाच्या आरोग्य अभियानाला मात्र खडीचा हिशेब पुरे, हे कसे?

शिवाय 'आधी आणि नंतर' असे नुसते दोन आकडे दाखवूनही भागत नाही. रक्तदाब रोज वरखाली होतो. रात्रपाळीनंतर, घाईत, रांगेत उभे असताना ज्यांचा आकडा जास्त भरला, त्यांनाच निवडून दोन महिन्यांनी निवांत बसवून मोजले, तर सरासरी काही न करताही थोडी खाली येते. त्यावर 'अभियानाचे यश' असा शिक्का मारणे सोपे असते. म्हणून तुलना लागते : जिथे कार्यक्रम झाला ते ठिकाण आणि जिथे झाला नाही ते तसेच दुसरे ठिकाण. दोन्हीकडे त्याच पद्धतीने मोजायचे आणि मग फरक बघायचा. यात कसलीही जादू नाही. जगात हे पन्नास वर्षांपूर्वीच करून झाले आहे.

फिनलंडच्या लोकांनी काय केले

फिनलंड देशाच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलतोड करणारे, गाई पाळणारे कष्टकरी लोक. हृदयविकाराने तिथले कर्ते पुरुष इतके मरत होते की १९७१ मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. हे लक्षात ठेवा, मागणी खालून आली. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. काम सुरू करण्याआधीच त्यांनी प्रांतातल्या लोकांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान मोजून ठेवले, आणि शेजारच्या कुओपिओ प्रांतातही तेच मोजले. दर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी केली.

आणि काम म्हणजे काय केले? पत्रकेही वाटली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद ठेवून परिचारिकांकडून पाठपुरावा केला. गावोगावच्या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरून स्वयंपाक बदलला. दूध आणि सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला लावली. लोण्याची मागणी घटल्यावर दूधधंद्यातल्या शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न आला तेव्हा बेरीच्या फळांची लागवड वाढवण्याचा प्रकल्प उभा केला. म्हणजे सवय बदला म्हणताना त्या माणसाच्या पोटाचाही विचार केला. १९७६ मध्ये देशात तंबाखूविरोधी कायदा आला.

पुढच्या काही दशकांत तिथल्या कर्त्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पण इथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या कुओपिओमध्येही मृत्यू घटले. पहिल्या पाच वर्षांनंतर तेच उपाय सगळ्या देशात पसरले होते. त्यामुळे यशातला किती वाटा प्रकल्पाचा आणि किती काळाच्या ओघाचा, यावर विद्वानांत वाद झाला. हा वाद होऊ शकला, कारण आकडे उघडे होते. आमच्या अहवालावर वादसुद्धा घालता येत नाही.

अमेरिकेने नापास झाल्याचे छापले

फिनलंडचे पाहून अमेरिकेत १९७८ ते १९८० च्या सुमारास तीन मोठे कार्यक्रम सुरू झाले : कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पाच शहरांचा, मिनेसोटाचा आणि ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराचा. भरपूर पैसा, वर्तमानपत्रे, दूरदर्शन, शाळा, दुकाने, सगळे वापरले. वर्षानुवर्षे काम चालले. मग मोजणी झाली, आणि बहुतेक बाबतींत कार्यक्रमाच्या शहरांत व तुलनेच्या शहरांत अपेक्षेइतका फरक सापडला नाही. सगळ्या देशातच धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल कमी होत चालले होते. तुलनेची शहरे नसती तर हीच घट 'आमचे यश' म्हणून मिरवता आली असती. त्यांनी ते केले नाही, निकाल आहे तसा छापला. पुढे २०११ मध्ये उपदेश आणि समुपदेशनावर आधारलेल्या ५५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांमध्ये अशा कार्यक्रमांनी मृत्यू कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब किंवा मधुमेह होता, त्यांच्यात मात्र फायदा दिसला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. नुसत्या उपदेशाचा उपयोग थोडा. ज्याला आजार लागलाय त्याला हुडकून, औषध देऊन, त्याच्या मागे लागण्याचा उपयोग मोठा. म्हणजे आमच्या पॉइंट्समनच्या नावापुढचा कोरा रकाना हीच सगळ्यात महत्त्वाची जागा होती, आणि नेमकी तीच भरली गेली नाही.

हे शास्त्र आमच्याच अंगावर शिकले गेले

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले, संशोधकांचे, रेल्वे-पोस्टाच्या कामगाराला याच्याशी काय करायचे? बंधूंनो, हृदयरोगाचे हे शास्त्र आपल्याच पेशाच्या माणसांवर उभे राहिले आहे.

१९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. त्याच अभ्यासात पोस्ट खातेही होते : पायी फिरणाऱ्या पोस्टमनना टेलिफोन ऑपरेटर आणि कारकुनांपेक्षा कमी. पण मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की ड्रायव्हरांच्या पँटीची कंबर मोठी होती, आणि तरुणपणापासूनच मोठी होती. म्हणजे सगळा फरक कामाने पडला असे म्हणता येत नव्हते, काही फरक आधीपासूनचाच होता. आपल्याच निष्कर्षावर अशी शंका घेणे, याला मूल्यमापन म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा अभ्यास छापून आला. कारकुनांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू लाइनीवरच्या गँगमनांच्या सुमारे दुप्पट.

आणि आपल्याकडे? पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी भारतातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दक्षिणेकडच्या रेल्वे कामगारांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण उत्तरेकडच्यांच्या जवळजवळ सातपट होते, आणि तेही उत्तरेकडचे लोक तूप-दुधाची चरबी कितीतरी अधिक खात असताना. त्यांनी सांगितलेल्या कारणांवर पुढे वाद झाला, तो शास्त्राचा भाग. माझा मुद्दा वेगळा आहे. संगणक नसताना, हाताने लिहिलेल्या कागदांवरून रेल्वेचा एक डॉक्टर देशभरच्या रेल्वे कामगारांच्या मृत्यूचा हिशेब मांडू शकला. आज प्रत्येकाची सेवापुस्तिका, पीएमईचा अहवाल, इस्पितळाची नोंद संगणकात आहे. मग आजचे प्रशासन हा हिशेब का मांडत नाही? जमत नाही असे कोणी म्हणू नये.

दोष कोणाचा?

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे. कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी होता, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पुन्हा दोष कामगाराचा! तो तंबाखू खातो, तो वडापाव खातो, तो शिबिराला येत नाही.

शिबिर होते दुपारी अकरा ते चार. या वेळात कोण येऊ शकतो? जनरल शिफ्टचा कारकून. गेटमन गेट सोडून येणार? लोको पायलट रनिंग रूममध्ये झोपलेला, ट्रॅक मेंटेनर ब्लॉकमध्ये, कंत्राटी सफाई कामगाराला तर आमंत्रणच नाही. पोस्टातही तेच. हेड ऑफिसात शिबिर आणि ग्रामीण डाक सेवक कुठल्या तरी वाडीत सायकलवर. जे आले ते मुळातच सोयीत असलेले. त्यांच्या आकड्यांवरून सगळ्या विभागाचे आरोग्य ठरवायचे, म्हणजे प्लॅटफॉर्मवरचे तिकीटवाले मोजून गाडीतली गर्दी सांगण्यासारखे आहे.

आता तंबाखूबद्दल. मी स्वतः वीस वर्षे चुना-तंबाखू मळली आहे, म्हणून उपदेशाचा आव आणत नाही. तंबाखू हृदयाची वैरीण आहे, यात शंका नाही. सोडलीच पाहिजे. पण रात्री तीन वाजता केबिनमध्ये एकटा जागा राहण्यासाठी माणूस तोंडात चिमूट टाकतो, तेव्हा त्या रात्रीलाही जाब विचारावा लागेल. लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे कायम नोकरीतले, बहुतेक खुर्चीवरचे, कोणी उपाशी नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही हृदयविकारातली मोठी तफावत शिल्लक राहिली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की ज्याचा आपल्या कामावर ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून सांगितले की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक.

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी देश थांबवला, त्या मागण्यांत आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. तेव्हा आमच्या नेत्यांना कोणी हृदयरोगतज्ज्ञ म्हटले नसेल. पण कामाचे तास, विश्रांती, रिलीव्हर या मागण्या हृदयाच्याही मागण्या होत्या, हे आज जगाच्या आकड्यांनी सिद्ध केले आहे.

आणखी एक गोष्ट, जी शिबिरात कोणी बोलत नाही. रनिंग स्टाफला रक्तदाब मोजून घ्यायची भीती वाटते. आकडा वाढला, पीएमईत अडकलो, तर गाडी सुटते, किलोमीटरचा भत्ता सुटतो, घराचा हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून माणूस मेडिकलच्या आधी दोन दिवस बाहेरच्या डॉक्टरची गोळी घेतो, पास होतो आणि मग गोळी बंद करतो. जिथे आजार सांगणे म्हणजे पगार गमावणे, तिथे कुठलेही अभियान खरा आकडा मिळवू शकणार नाही.

आमच्यातल्या बंधूंनाही दोन शब्द

आमच्या शाखेच्या बैठकीत काही तरुण साथी म्हणाले, ही सगळी नाटके आहेत, शिबिरांवर बहिष्कार टाका. मला त्यांचा राग कळतो, पण मी सहमत नाही. बहिष्कार टाकला तर त्या वहीतली नावेही जातील. रक्तदाब लक्षणे न दाखवता वाढतो. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्याची रोजची गोळी फार महागही नसते. आपल्या देशातही काही कारखान्यांत असा कार्यक्रम तुलनेच्या ठिकाणासह राबवून त्याचे निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, आणि तिथे रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा दिसली. म्हणजे कामाच्या ठिकाणी चांगले काम होऊ शकते. आपला झगडा शिबिराशी नाही, कोऱ्या रकान्याशी आहे. हिशेब मागणे हे युनियनचेच काम आहे. पगाराचा मागतो, ओव्हरटाइमचा मागतो, तसाच हृदयाचाही मागू.

आमच्या मागण्या

शाखेने एकमताने ठराव करून पुढील मागण्या प्रशासनाकडे पाठवल्या आहेत. पोस्टातल्या संघटनांनीही त्या आपल्या खात्याला लागू करून घ्याव्यात.

१. ज्याचा रक्तदाब वा साखर वाढलेली सापडेल त्याला एका महिन्यात परत बोलावावे, औषध सुरू करावे, आणि एक वर्षानंतर किती जणांचा आजार ताब्यात आहे हा आकडा जाहीर करावा. अभियानाचे यश या आकड्यावर ठरावे.

२. सारख्याच कामाचे दोन डेपो निवडावेत. एका ठिकाणी नवा कार्यक्रम आधी सुरू करावा, दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षांनी. दोन्हीकडे सुरुवातीला आणि शेवटी सारखीच मोजणी व्हावी. आजारी सापडला तर उपचार मात्र दोन्हीकडे लगेच. तुलना कार्यक्रमाची करायची आहे, उपचाराची नाही.

३. एका डेपोत वर्षाला दोन मृत्यू कमी-जास्त झाले तर त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून सेवेत असताना झालेल्या मृत्यूंची, कारण, वय, पद आणि पाळी यांसह, देशभरची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करावी. नावे गुप्त ठेवावीत.

४. शिबिरे पाळी बदलताना, यार्डात, गेटवर, रनिंग रूममध्ये व्हावीत. कंत्राटी कामगार आणि ग्रामीण डाक सेवक त्यांत धरावेत. किती जण येऊ शकले नाहीत आणि का, हेही अहवालात यावे.

५. ड्युटीचे तास, सलग रात्रपाळ्या, नाकारलेली साप्ताहिक सुट्टी आणि रिकाम्या जागा याही रक्तदाबाच्या तक्त्याशेजारी छापाव्यात. कँटीनमधले तेल आणि मीठही तपासावे.

६. उपचार घेऊन रक्तदाब ताब्यात ठेवणाऱ्याला कामावरून काढण्याची भीती राहू नये, आणि उपचाराच्या काळात त्याच्या कमाईला संरक्षण असावे.

७. मूल्यमापन समितीत कामगार प्रतिनिधी असावेत आणि अहवाल मराठीसह कामगारांच्या भाषांत मिळावा.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. मोठमोठी गणिते मला येत नाहीत. पण वहीतला कोरा रकाना मला वाचता येतो. पुढच्या वेळी तुमच्या शाखेत शिबिर होईल तेव्हा रक्तदाब जरूर मोजून घ्या, आपला आकडा स्वतःच्या वहीत लिहून घ्या, आणि टेबलापलीकडच्या माणसाला विचारा, "साहेब, मला परत कधी बोलावणार?" उत्तर मिळाले नाही तर शाखेला कळवा. हा प्रश्न दहा हजार कामगारांनी विचारला, तर पुढच्या वर्षीचा अहवाल असा कोरा येणार नाही.

कामगार एकजूट झिंदाबाद!